चालता-बोलता टॉवर

मुलीच्या आईने 'हो' म्हणावं म्हणून माणसं काय काय करतात. कुणी मिशी उतरवतो, कुणी पोट फुटायला आलं तरी दुसऱ्यांदा वाढून घेतो, कुणी न आवडणाऱ्या मालिकांमधल्या सासवांची नावं पाठ करतो. टॉवर एका परक्या देशात, वस्तुसंग्रहालयाच्या तळमजल्यावर, बायकांच्या स्वच्छतागृहाच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. आत मुलीची मावशी होती. मावशीचा मेसेज अर्धा जाऊन अडकला होता, आणि टॉवर दोन पावलं जरी सरकला असता तरी उरलेला अर्धा परदेशातच राहिला असता.

"आहेस का रे?" आतून आवाज आला.

"आहे, मावशी."

"हलू नकोस. गोल फिरतंय अजून."

येणाऱ्या-जाणाऱ्या बायका त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होत्या. त्याने चेहऱ्यावर असा भाव आणला होता, की ही भिंत पडायला आली आहे आणि तिला धरून ठेवायला सरकारने आपली नेमणूक केली आहे.

टॉवर हे त्याचं जन्माचं नाव नव्हे. उंचीवरून पडलं म्हणावं तर उंची बेताचीच. विमानतळावर उतरल्या उतरल्या मावशीनेच ते ठेवलं. चौघांत मिळून परदेशी इंटरनेटचं एकच पॅक घेतलं होतं, ते टॉवरच्या फोनमध्ये होतं, आणि बाकी तिघींना त्याच्या हॉटस्पॉटवरून पुरवठा होत होता. त्यामुळे पहिल्या दिवसापासून हे कुटुंब घोळक्यानेच हिंडत होतं. टॉवर थांबला की सगळ्या थांबत. टॉवर रस्ता ओलांडू लागला की मागून तिघी, दोघींची नजर फोनमध्ये, पिल्लांसारख्या. एकदा तो बुटाची नाडी बांधायला वाकला, तर मावशी म्हणाली, "सिग्नल खाली आला वाटतं."

मुळात ही सहल मावशीची. तिने मिक्सर घेतला होता. मिक्सर चौथ्या दिवशी जळला, पण त्याच्या खोक्यातल्या कूपनावर चौघांची परदेशवारी निघाली. चौघं म्हणजे मावशी, तिची थोरली बहीण, बहिणीचे यजमान आणि त्यांची मुलगी. ऐनवेळी यजमानांच्या, म्हणजे बाबांच्या, कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, विमानाचं नावसुद्धा काढायचं नाही. तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "माझ्या जागी त्या मुलाला न्या."

"कोणत्या मुलाला?" आई म्हणाल्या. जणू गावात अशी मुलं ढिगाने पडली होती.

"तुझ्या मुलीने पसंत केलाय त्याला. आठवडाभर बरोबर राहील. माणूस चावताना कसा आहे ते चावल्याशिवाय कळत नाही."

बाबा असंच बोलत, कारण बाबा कवळ्या बनवत. बाबा आणि आई दोघंही. घरामागच्या खोलीत त्यांचं काम चाले. एका फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, एका कोपऱ्यात घासायचं मशीन, खिडकीपाशी आईंची खुर्ची. साचे आणि घासणं-पुसणं बाबांकडे, दाताचा रंग जुळवणं आईंकडे. पांढऱ्यातले इतके पांढरे आईंना ओळखू येत, की रंगवाल्याच्या दुकानात त्या गेल्या तर दुकानदार आतल्या खोलीत जाऊन बसे.

टॉवर गाद्यांच्या दुकानात सेल्समन होता. मुलगी फिजिओथेरपिस्ट, पाठदुखीच्या एका पेशंटसाठी गादी बघायला दुकानात आली, आणि टॉवरने दाखवलेल्या प्रत्येक गादीवर तिने अशी टीका केली की दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम फोन करून उरलेल्या गाद्यांवर काय म्हणणं आहे ते विचारलं. तिथून पुढे व्हायचं ते झालं. तो तिला फिजिओच म्हणे. आईंचा आक्षेप एकच होता: "गिऱ्हाईकाला गादी दाखवायची म्हणून स्वतः आडवा होतो. झोपून पगार घेणारा माणूस मी आजवर बघितला नाही."

आई त्याच्याशी वाईट वागत नव्हत्या. त्या त्याला 'तू'ही म्हणत नव्हत्या आणि 'तुम्ही'ही म्हणत नव्हत्या. "जरा इकडे सरकावं." "पाणी प्यायचं असेल तर प्यावं." अशी त्यांची वाक्यं कुणालाच उद्देशून नसत, ती हवेत सोडलेली असत, ज्याला लागतील त्याने घ्यावीत. फिजिओने त्याला निघायच्या आधीच सांगून ठेवलं होतं, "आई परत आल्यावर हो की नाही ते सांगणार आहे. हो म्हणाली तर हो. नाही म्हणाली तर मी भांडेन, पण तिला न आवडलेला माणूस घरात आणून रोज तिचं तोंड बघायची माझी तयारी नाही. तेव्हा काहीतरी एक गोष्ट धड करून दाखव."

म्हणून विमानतळावर त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं, "एकच पॅक पुरेल, काकू. परदेशात डेटा वाचवायचा म्हणजे फक्त शिस्त लागते. मी बघतो सगळं."

"बघावं," आई हवेला म्हणाल्या होत्या.

आणि दुसऱ्याच दिवशी, अजून नीट कुठे काही बघून व्हायच्या आत, फोनवर मेसेज आला की अर्धं पॅक संपलं.

टॉवर चौकशीला लागला. पहिला संशय त्याने मावशीवर घेतला, कारण तो घेणं सगळ्यात सोपं होतं. मावशीचा फोन उघडून बघतो, तर ती सतरा-अठरा ग्रुपवर होती आणि प्रत्येक ग्रुपवर सकाळ झाली रे झाली की गुलाब पडत होते. गुलाब, कमळं, सूर्य, कपबशी, कपबशीतून उगवणारा सूर्य. सगळं आपोआप उतरत होतं.

"मावशी, हे आपोआप उतरणं बंद करतो."

"अरे, माणसं प्रेमाने पाठवतात."

"प्रेम राहू दे. फुलं लॉबीत उतरवू."

हॉटेलचं फुकट वायफाय फक्त लॉबीत, माशांच्या काचपेटीजवळ लागायचं. टॉवरने तिथे बसून सगळ्यांचे नकाशे आधीच उतरवून घेतले. फोटो आपोआप वर चढणं बंद केलं, ॲपचं गुपचूप अपडेट होणं बंद केलं, न विचारता सुरू होणारे व्हिडिओ बंद केले. फिजिओ व्यायामाचे व्हिडिओ बघत असे, तिला म्हणाला, "हे इथे माशांसमोर बघून घे, रस्त्यात नको." मासे आणि फिजिओ रोज सकाळी एकमेकांकडे बघत पाठ ताणू लागले. स्वतःच्या फोनमधलं तर त्याने इतकं बंद केलं, की शेवटी फोनमध्ये घड्याळ आणि बॅटरी उरली.

तरी डेटा गळतच होता. दिवसा हिंडताना गळायचा, खोलीत बसलं की थांबायचा. टॉवर रात्री गादीवर पडून विचार करी. गादी, जाता जाता सांगायचं तर, चांगली होती. कडक, पण कडेला बसकी.

राहता राहिल्या आई. आईंचा फोन मागायची त्याची हिंमत नव्हती. शिवाय आई तर फोनला हातही लावत नव्हत्या. त्यांचा फोन गळ्यातल्या कापडी बटव्यात छातीशी उभा असायचा, आणि त्या हात मागे बांधून, इन्स्पेक्टर बाईंसारख्या, शांतपणे सगळं बघत फिरायच्या. एवढंच, की प्रत्येक गोष्टीसमोर त्या जरा जास्तच वेळ, आणि जरा जास्तच सरळ उभ्या राहायच्या. पुतळा आला की छाती पुतळ्याकडे. घड्याळ आलं की किंचित मागे वाकून छाती घड्याळाकडे. टॉवरला वाटलं, पाठ दुखत असेल.

उलगडा झाला तो चित्रांच्या दालनात.

दालन एवढं शांत होतं, की कुणी गिळलं तरी ऐकू यावं. भिंतीवर मोठमोठी तेलचित्रं, दाराशी खुर्चीवर गणवेशातला एक लठ्ठ रखवालदार. फिजिओ आणि मावशी पुढच्या दालनात, पण टॉवरच्या आवाक्यात. आई एका राजघराण्याच्या चित्रासमोर उभ्या. आणि त्या शांततेत आईंच्या छातीतून आवाज आला.

खर्रर्रर्र.

रखवालदाराने मान वर केली. आई खोकल्या. पुन्हा खर्रर्रर्र. आई पुन्हा खोकल्या, पण तो आवाज थांबला तरी त्यांचा खोकला थोडा पुढे गेला आणि तिथेच त्या पकडल्या गेल्या. टॉवर जवळ सरकला. बटव्याला बरोबर कॅमेऱ्याच्या जागी, कात्रीने कापून कडेला टाके घातलेलं, गोल भोक होतं. आणि आतून अगदी बारीक, ओळखीचा आवाज आला.

"अगं, ते राजेबिजे राहू दे. सगळे तोंड मिटून बसलेत. त्या रखवालदाराला जरा हसव ना. वरचे पुढचे चारही खोटे आहेत त्याचे, पैज लावतो."

टॉवरने बटव्याकडे बघितलं. आईंनी टॉवरकडे बघितलं. बटव्यातून बाबा म्हणाले, "हा कोण आडवा आला? अरे, तू होय! काय रे, गादी बरी आहे का तिकडे?"

"कडेला बसकी आहे, काका," टॉवर बटव्याला म्हणाला.

रखवालदार उठून त्यांच्याकडे येऊ लागला. आईंनी त्याच्याकडे बघून तोंडभर हसून घेतलं. तोही हसला. बटव्यातून एक समाधानाचा श्वास ऐकू आला. "चार नाही, पाच. सुंदर काम आहे. कुणी केलंय विचार."

दालनाबाहेरच्या बाकावर आई बसल्या आणि त्यांनी पहिल्यांदा हवेशी न बोलता थेट टॉवरशी बोलायला सुरुवात केली, अर्थात त्याच्या बुटांकडे बघून.

"हिला सांगायचं नाही."

"फिजिओला?"

"ती म्हणणार, परत गेल्यावर फोटो दाखव. परत गेल्यावर फोटो कोण बघतं? आणि बघितले तरी आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बघतात. ह्यांनी सगळा जन्म लोकांच्या जबड्यात डोकं घालून काढलाय. म्हटलं, जरा बाहेरचंही बघू देत. घासायचं मशीन चालू ठेवतात, फोन समोर टेकवून ठेवतात आणि माझ्याबरोबर फिरतात." त्यांनी बटव्याचं तोंड बोटाने दाबून धरलं, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून. "आणि बघतात काय? जबडेच."

टॉवरला डेटाची गळती सापडली होती आणि ती बंद करणं एका बोटाचं काम होतं. आईंना इंटरनेट म्हणजे नळाला येतं तसं काहीतरी, टॉवर आहे म्हणजे येतच असणार, असं वाटत होतं. 'मी बघतो सगळं' हे त्यांनी त्याच्याकडून ऐकलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. आता त्यांना सांगायचं, की काकू, काकांना बंद करा? टॉवरने डोकं खाजवलं आणि तो म्हणाला, "नाही सांगत."

त्या दुपारपासून त्याने बाकीच्यांचा पुरवठा कापला. स्वतःचा तर शून्यावर होताच. मावशीला म्हणाला, "मावशी, तुमच्या फोनला परदेशी हवा मानवत नाहीये." मावशीने ते सहज मान्य केलं, कारण तिलाही मानवत नव्हती. फिजिओ मात्र सरळ आली आणि रस्त्याच्या कडेला त्याला धरून उभी राहिली.

"माझं नेट का बंद?"

"डेटा कमी उरलाय."

"मग आईचं चालू कसं? मघाशी पाहिलं मी, तुझ्या फोनवर एकच जोडलेलं होतं. आईचं."

"आई वापरतच नाहीत ना."

"वापरत नाहीत तर चालू कशाला?"

टॉवर म्हणाला, "शोभेसाठी."

"शोभेसाठी?"

"म्हणजे... असू दे जवळ. मोठ्या आहेत."

"तू माझ्या आईला मस्का लावतोयस? नेटचा?" फिजिओ म्हणाली. "लोक साडी आणतात, तू नेट देतोस? आणि तेही माझं कापून? मी तुझ्यासाठी घरी भांडायला तयार आहे आणि तू मला माशांसमोर बसवतोस!"

ती पुढे निघून गेली. रेंजच्या बाहेर. टॉवरने डोकं खाजवलं. पलीकडे दुकानाच्या काचेत मावशी टोप्या बघत होती. आई चार पावलांवर उभ्या होत्या, छाती एका कारंज्याकडे करून. पण कान इकडे होते.

एवढं करूनही शेवटच्या आदल्या दिवशी सकाळी मेसेज आला: पॅक संपत आलं आहे. व्हिडिओला पुरेल एवढं काही उरलं नव्हतं. टॉवरने लॉबीत, माशांच्या साक्षीने, आईंना गाठलं.

"काकू, एक सांगायचंय. मी म्हटलं होतं पुरेल. नाही पुरत. चुकलं माझं. चित्र बंद करावं लागेल. नुसता आवाज ठेवला तर अजून टिकेल."

आईंनी त्याच्याकडे बघितलं. ह्यावेळी बुटांकडे नव्हे. "आणि ह्यांना दिसणार कसं?"

"तुम्ही सांगा ना. जे दिसेल ते."

"मी?" आई खरोखर घाबरल्या. "मला नाही येत ते वर्णनबिर्णन. आमच्यात बोलतं कोण? कामावर मी रंगाची पट्टी उचलते, हे मान हलवतात. झालं बोलणं."

पण दुसरा इलाज नव्हता. पहिला प्रयोग मोठ्या चौकात झाला. आईंनी फोन कानाला लावला, घसा साफ केला आणि बातम्या दिल्यासारखं सांगितलं, "इमारत आहे. मोठी आहे. खिडक्या आहेत. समोर अजून एक आहे. तिलाही आहेत."

"हं," बाबा म्हणाले. फोनचा आवाज एवढा मोठा होता की टॉवरला सगळं ऐकू येत होतं. आणि रेंजमध्ये राहायचं तर लांब जाताही येत नव्हतं.

"माणसं आहेत. चालतायत."

"हं."

"कबुतरं."

तिकडे मशीन खरखरत राहिलं. आईंचा चेहरा पडला. टॉवरला फार वाईट वाटलं, आणि तो मदत करायला म्हणून पुटपुटला, "रंग सांगा, काकू. रंग तरी."

"रंग कसला सांगू, सगळा दगड आहे," आई वैतागून म्हणाल्या, आणि थांबल्या. त्यांनी डोळे बारीक केले. मान एका बाजूला कलवली. हे टॉवरने आधी पाहिलं नव्हतं. कामावरच्या खुर्चीत त्या असंच बघत असणार.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्हाला पोस्टमन आठवतो? त्याची कवळी चहाच्या कपात पडली आणि तो सुट्टीवर निघून गेला?"

मशीन बंद झालं.

"आठवतो की."

"ती कपातून काढली तेव्हाचा रंग. वरून. खाली जमिनीजवळ जरा अजून पिवळा, हिरड्यापाशी असतो तसा."

"अरे वा," बाबा म्हणाले. "म्हणजे ऊन पडलंय तिथे."

ऊन पडलंच होतं. टॉवरने वर बघितलं.

"आणि खिडक्या?"

"शाळेतल्या मोठ्या बाईंचा खालचा जबडा. आपण हात लावायच्या आधीचा. एक पुढे, एक मागे, एक पुढे."

"मग डावीकडे फट असेल."

"आहे. गल्ली गेलीय तिथून."

टॉवर त्या चौकात मघापासून उभा होता. नकाशा त्याने स्वतः उतरवला होता. डावीकडे गल्ली आहे हे त्याला आत्ता, ज्याने जन्मात विमान पाहिलं नाही त्या माणसाने विचारल्यावर, दिसलं.

मग आई सुटल्या. पूल म्हणजे किराणावाल्याच्या कवळीची तार, उजव्या बाजूने वाकलेली. नदी म्हणजे कवळी भिजवून ठेवलेलं पाणी, दुसऱ्या दिवशीचं. ट्राममधून उतरणारा एक उंच म्हातारा म्हणजे 'तुमच्या बहिणीचा दीर, पण दात असते तर'. बाबा तिकडे हसत होते, "थांब, थांब," म्हणत होते, मधेच "मग तिथे सावली असणार" म्हणत होते, आणि सावली असे. व्हिडिओला जे पोचवायला अर्धं पॅक खर्ची पडलं, ते इथे एका पोस्टमनच्या कवळीत बसत होतं. टॉवर फोनच्या आकड्याकडे बघत होता. आकडा जवळजवळ हलत नव्हता. असं काटकसरीचं बोलणं त्याने डेटा वाचवायच्या कुठल्याच सूचनेत वाचलं नव्हतं. त्यासाठी आधी दोघांनी मिळून गावाची तोंडं बसवावी लागतात.

"आई कुणाशी बोलतेय एवढं?" फिजिओने विचारलं. ती अजून रुसलेलीच होती, पण आईचा आवाज ऐकून परत रेंजमध्ये आली होती.

"बाबांशी," टॉवर म्हणाला.

"एवढं?" तिने थोडा वेळ ऐकलं. "ते दोघं कधी एवढं बोलत नाहीत. एकदा तर ह्यांच्यात एक अख्खा रविवार 'मीठ' ह्या एका शब्दावर निघाला होता." मग तिने टॉवरकडे बघितलं, आईच्या गळ्यातल्या बटव्याच्या भोकाकडे बघितलं, पुन्हा टॉवरकडे बघितलं. तिचा पेशा दुखणं नेमकं कुठे आहे ते शोधण्याचा होता. "शोभेसाठी, नाही का?" ती म्हणाली, आणि त्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. तो प्रेमाचा होता, पण मणका जागेवर बसला.

शेवटच्या दुपारी नदीकाठच्या जुन्या बुरुजावर चढायचं ठरलं. पायऱ्या बघूनच आईंचे गुडघे नको म्हणाले. मावशीने नवीन टोपी घातली आणि ती फिजिओला घेऊन वर गेली. टॉवर खाली थांबला, कारण आईंचा फोन चालू होता. आई कठड्याशी, टॉवर त्यांच्या मागच्या बाकावर. बुरूज सांगून झाला. (सुळा. एकटा राहिलेला.) बोटी सांगून झाल्या. बाबांचं मशीन मागे मंद खरखरत होतं.

"बरं," बाबा म्हणाले, "आणि तो मुलगा? बसतोय का नीट, की टोचतोय?"

टॉवर बाकावरून अर्धा उठला. उठून जावं तर फोन कटेल. बसावं तर स्वतःचा निकाल स्वतःच्या कानांनी ऐकावा लागेल, आणि तोही स्वतःच्याच डेटावर. आईंनी मान अर्धी वळवून त्याच्याकडे एक नजर टाकली, मग नदीकडे बघितलं.

त्याच्या हातातला फोन थरथरला. पॅक संपलं होतं. पुरतं.

त्याने सांगायला तोंड उघडलं, पण आईंनी सुरुवात केलेली होती.

"आता काय सांगू," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "खालच्या ओळीत एक दात आत गेलाय. हसला तरच दिसतो, आणि माझ्यासमोर हसत नाही, म्हणून दिसायला आठवडा गेला. काही सुचलं नाही की डोकं खाजवतो. थोड्या वर्षांत टक्कल पडेल. बढाई मारतो, पण चुकलं की चुकलं म्हणतो, तेही समोर उभं राहून. माझी गोष्ट पोटात ठेवली आणि पोरीच्या शिव्या खाल्ल्या. काय खोटं बोलला माहीत आहे? म्हणाला, शोभेसाठी. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस घरात असला की बरं असतं, लक्ष ठेवावं लागत नाही. तर मी म्हणते, टोचत नाही. पहिल्यांदा जरा मोठा वाटतो तोंडाला, पण तसं सगळ्यांचंच वाटतं. मला चालेल."

त्या थांबल्या. खाली एक बोट गेली.

"ऐकताय ना?"

फोन मुका. टॉवरला वाटलं, ही बाई आयुष्यात पहिल्यांदा एवढं बोलली, आणि तिला उत्तर मिळू नये हे काही बरोबर नाही. मागून, शक्य तितक्या जड आवाजात, तो म्हणाला, "हं."

आईंनी फोन खाली घेतला आणि त्या सावकाश वळल्या.

"'हं' बरा जमलाय," त्या म्हणाल्या. "पण ते आधी नाक ओढतात. प्लॅस्टरची धूळ."

टॉवरने डोकं खाजवलं, आणि लक्षात येऊन हात खाली घेतला. "काकू, तो... कट झाला. मघाशीच."

"मशीनचा आवाज थांबला की कळतं मला. इतकी वर्षं ऐकतेय."

"मग हे सगळं तुम्ही सांगत कोणाला होता?"

"रेंजमध्ये दुसरं होतं कोण?" आई म्हणाल्या, आणि फोन बटव्यात घालून गुडघ्यांवर हात टेकत बाकावर त्याच्या शेजारी बसल्या. वरून, बुरुजाच्या कठड्यावरून, मावशी टोपी हलवत होती. "त्या दोघी उतरल्या की आधी हॉटेलवर चल. माशांपाशी बसून ह्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तिथे फुकट आहे ना?"

"हो, तिथे फुकट आहे."

"मग नीट सांगता येईल. इथे घाईत दोष राहूनच गेले तुझे."